शेतकऱ्याच्या मरणाची चौकशी थांबवा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मयत शेतकऱ्याच्या कुटुंबाला तेलंगणात काय मिळते आणि महाराष्ट्रात काय मिळते.

महोदय,

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडची गावे ‘आम्हाला तेलंगणात जाऊ द्या’ म्हणू लागली त्याला बरीच वर्षे झाली. 2019 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर नायगाव, भोकर, देगलूर, किनवट, हदगाव या मतदारसंघांतली माणसे हैदराबादला जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटली. ती बातमी सत्तेतल्या आणि विरोधातल्या सगळ्यांनी वाचली. त्यानंतर बैठका झाल्या, आश्वासने झाली, ग्रामपंचायतींचे ठराव आणि निवेदने वर गेली आणि वरच राहिली. माणसे असे का म्हणताहेत, हे नीट बसून कोणी ऐकून घेतले नाही. म्हणून आता उघड लिहितो आहे.

मी तेलंगणात जाण्याच्या बाजूचा नाही. आमची भाषा मराठी, आमची शाळा मराठी, आमची वारी पंढरीची. पण रोज मांजरा नदीपलीकडे पाहत जगणाऱ्या माणसाला ‘तुलना करू नका’ असे कोणी सांगू शकत नाही.

बिलोली तालुक्यातून मांजरा ओलांडली की बोधन लागते. धर्माबादहून बासरचे सरस्वतीचे देऊळ जवळ आहे, आमच्या लेकरांना पाटीपूजनाला आम्ही तिथेच नेतो. देगलूरहून मदनूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये अर्धी बोलणी मराठीत आणि अर्धी तेलुगूत चालतात. 1956 पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा आमच्याच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तिकडे गेली, मुधोळ, भैंसा, कुबेर तिकडे गेली, आणि किनवट इकडे आले. माती तीच काळी राहिली, पाऊस तोच राहिला. सोयरीक आजही दोन्हीकडे होते. माझ्या घरातल्या लेकी नदीपलीकडे दिल्या आहेत आणि पलीकडच्या सुना आमच्या घरात आहेत. तेव्हा दोन्हीकडच्या शेतकऱ्याच्या जगण्यात आज जो फरक दिसतो, तो निसर्गाने केलेला नाही, तो दोन सरकारांनी केलेला आहे.

पलीकडे सगळे आबादीआबाद आहे असे मी म्हणत नाही. 2011 च्या जनगणनेत आपली साक्षरता 82 टक्क्यांवर होती आणि तेलंगणाची 67 च्या आत. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत दर हजार जन्मांमागे आपल्याकडे 16 बालमृत्यू होते, त्यांच्याकडे 21. बाळंतपणात दगावणाऱ्या बायांचे प्रमाणही आपल्याकडे कमी आहे. ज्या कालेश्वरम प्रकल्पाचा गाजावाजा झाला, त्यातल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर 2023 मध्ये खचले, आणि त्या राज्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे हे तिथल्याच लोकांना विचारावे. हे सगळे मान्य करूनच पुढचे लिहितो.

लाईटचे घ्या. तेलंगणाने 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू केली. आपण 2024 मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले, त्याबद्दल आभार. पण आमच्याकडे थ्री फेज लाईट अजूनही आठवड्यातले कित्येक दिवस रात्रीच येते, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या रानात उतरतो. बिल शून्य झाले, रात्र तशीच राहिली. पेन्शनचे घ्या. विधवेला, म्हाताऱ्याला तिकडे 2019 पासून महिन्याला 2,016 रुपये मिळतात. आपल्या संजय गांधी निराधार योजनेत तेव्हा हजार रुपये होते, 2023 मध्ये दीड हजार झाले. तेही कोणाला, तर ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आहे अशांना. महिन्याला 1,750 रुपयांत कुटुंब चालते, असे कोणत्या वर्षी कोणी ठरवले होते आणि तो आकडा अजून का बदललेला नाही, हे समजत नाही. रोजंदारी करणाऱ्या बाईला त्यासाठी तहसीलमध्ये उत्पन्नाचा खोटा दाखला काढावा लागतो. खरे सांगितले तर ती बाद होते. सरकारनेच तिला खोटे बोलायला लावले आहे.

गोदावरीवरच्या बाभळीच्या बंधाऱ्यावरही लिहिता येईल. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 28 फेब्रुवारी 2013 चा आहे. 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे ऐन पावसाळ्यात पाणी अडवायचे नाही, आणि 2.74 टीएमसीवर समाधान मानायचे. न्यायालयाचा निकाल आहे, तो पाळलाच पाहिजे. पण त्या निकालाने धर्माबादच्या शेतकऱ्याचे जे गेले, त्याच्या बदल्यात त्याच्यासाठी राज्याने दुसरे काय उभे केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. असे विषय पुष्कळ आहेत. ते आज बाजूला ठेवतो, कारण एका गोष्टीपुढे बाकीचे सगळे लहान आहे. ती गोष्ट म्हणजे शेतकरी मेल्यावर दोन्ही राज्ये त्याच्या घराशी कशी वागतात.

तेलंगणाने 15 ऑगस्ट 2018 ला रयतू बीमा ही योजना सुरू केली. ज्याच्या नावावर जमीन आहे आणि ज्याचे वय 18 ते 59 आहे, अशा प्रत्येक शेतकऱ्याचा आयुर्विमा महामंडळाकडे पाच लाखांचा विमा. हप्ता सगळा सरकार भरते. सुरुवातीच्या वर्षी तो माणशी 2,271 रुपये 50 पैसे होता. शेतकरी कशानेही गेला तरी, हार्टअटॅकने, काविळीने, गाडीखाली, विहिरीत पडून, किंवा त्याने स्वतः जीव दिला तरी, वारसाच्या खात्यात पाच लाख जमा होतात, आणि नियम दहा दिवसांचा आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचे आधार, बँकेचे पासबुक. गावाच्या गटाला नेमलेला कृषी विस्तार अधिकारी कागद गोळा करतो आणि पुढे पाठवतो. राज्यात असे 2,601 गट आहेत. कसा मेला, का मेला, कर्ज कोणाचे होते, हे त्या बाईला कोणी विचारीत नाही. 2023 मध्ये तिकडचे सरकार बदलले. नव्या सरकारने जुन्या सरकारच्या कितीतरी गोष्टी मोडीत काढल्या, ही योजना मात्र चालू ठेवली.

आता आपले पाहा.

आपल्या राज्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला एक लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा शासन निर्णय 23 जानेवारी 2006 चा आहे. त्यातले 30,000 हातात, 70,000 बँकेत किंवा पोस्टात ठेव म्हणून. सात टक्के व्याज धरले तर त्या ठेवीचे महिन्याला 408 रुपये होतात. त्या निर्णयाला दोन दशके होत आली. तेवढ्या काळात डीएपीचे पोते कुठून कुठे गेले, डिझेल कुठून कुठे गेले, मुलींच्या वसतिगृहाचा खर्च कुठून कुठे गेला, हे तुम्हाला सांगायला नको. 2016 मध्ये आमदारांचे महिन्याचे वेतन 75,000 वरून 1 लाख 70 हजारांच्या आसपास नेले गेले. ते वाढवायला सभागृहाला अडचण आली नाही. मेलेल्या शेतकऱ्याचा लाख मात्र लाखच राहिला.

आणि हा लाखही सगळ्यांना मिळत नाही. आधी मरण पात्र ठरावे लागते. जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर असली पाहिजे. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले पाहिजे. नापिकीमुळे ते फिटत नव्हते आणि त्याच विवंचनेत त्याने जीव दिला, हे सिद्ध झाले पाहिजे. ते ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसते. समितीपुढे फाईल जाईपर्यंत काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. मुंबईत बसून ते दिसत नाही, म्हणून लिहितो.

माझा एक चुलतभाऊ असाच गेला. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि उडीद. ज्या साली सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मोंढ्यात चार हजारांवर कोणी बोलत नव्हते, ते साल. जमीन त्याच्या बापाच्या नावावर होती, अजून वाटणी झालेली नव्हती. पीककर्ज आधीच थकलेले, ते बापाच्याच नावावर, म्हणून सोसायटीने नवे दिले नाही. मग त्याने बायकोचे डोरले आणि कानातले बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज घेतले. बियाणे आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधारीवर. उरलेले एका ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीनने. हा माणूस परवानाधारक नाही, तसे सावकार आमच्याकडे गावोगावी आहेत आणि ते कोण आहेत हे पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

तो गेल्यावर त्याच्या बायकोने कागद जमवायला सुरुवात केली. मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, व्हिसेराचा अहवाल, सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, बँकेचा थकबाकीचा दाखला, रेशनकार्ड, तिघांची आधारकार्डे. सगळे साडीच्या दुकानातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. पावसात भिजू नयेत म्हणून ती पिशवी छातीशी धरून एसटीने तालुक्याला जायची. व्हिसेराचा अहवाल महिनोन्महिने आला नाही. तोवर फाईल तशीच. मग चौकशीला गावात माणसे आली. ओसरीवर खाटेवर बसून, शेजारपाजारचे उभे असताना, तिला विचारले गेले : दारू प्यायचा का? घरात भांडण होते का? तुमचे आणि त्यांचे पटत होते का? काही आजार होता का? बाहेर काही भानगड होती का? थोरली मुलगी, नववीतली, दाराआड उभी राहून ऐकत होती. विचारणारी माणसे वाईट नव्हती. त्यांच्या हातातल्या छापील नमुन्यातच ते रकाने होते.

शेवटी निकाल आला, अपात्र. मयताच्या नावावर शेतीकर्ज नाही. सोनेतारण हे वैयक्तिक कर्ज धरले गेले आणि उधारी-सावकारी कागदावर नव्हतीच. तीन कागदांवर तीन सह्या, आणि एका माणसाचे मरण शेतीशी संबंधित नाही असे सरकारदप्तरी कायमचे नोंदले गेले.

त्याच सुमारास नदीपलीकडे, बोधनकडच्या गावात, आमचा एक सोयरा गेला. चव्वेचाळीस वर्षांचा, दुपारी बांधावर बसल्या जागी हार्टअटॅक. दोन एकर भाताची जमीन त्याच्या नावावर. तेराव्याला मी गेलो तेव्हा त्याच्या बायकोच्या पासबुकावर पाच लाखांची नोंद झालेली होती. तिने ते पासबुक मला वाचायला दिले, कारण तिला तेलुगू वाचता येत नाही आणि मराठीही जेमतेम येते. घरी आल्यावर मी ही गोष्ट माझ्या भावजयीला सांगू शकलो नाही.

आमच्या राज्यात तो सोयरा असता तर काय मिळाले असते? काहीच नाही. कारण आपल्याकडे हार्टअटॅकने गेलेला शेतकरी शेतकऱ्यांसाठीच्या कोणत्याच योजनेत बसत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघाताची योजना आहे, त्यात दोन लाख मिळतात. 2023 पासून विमा कंपन्यांना मधून काढून सरकारने ती स्वतःकडे घेतली, वय 10 ते 75 धरले, कुटुंबातल्या आणखी एकालाही त्यात घेतले. हे चांगले केले. वयाच्या बाबतीत आपण तेलंगणापेक्षा उदार आहोत, तिकडे साठी ओलांडलेला शेतकरी विम्याबाहेर पडतो. पण आपल्याकडे दोन लाख मिळतात ते साप चावला तर, वीज पडली तर, गाडीने उडवले तर. कर्करोगाने गेला तर नाही. मूत्रपिंड निकामी होऊन गेला तर नाही. जीव दिला तर नाही. म्हणजे अपघाताला दोन लाख, पात्र आत्महत्येला एक लाख, अपात्र आत्महत्येला शून्य आणि आजारपणाला शून्य. चारही घरांत कमावता माणूस गेलेला आहे. चारही घरांतली मुले तेवढीच लहान आहेत. मग हा भेद राज्याने कशाच्या आधारावर केला, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने दिलेले नाही.

आता संख्या पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात शेतीशी संबंधित 11,290 लोकांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यातले 4,248 एकट्या महाराष्ट्रातले. तेलंगणाची त्या वर्षीची नोंद 178. पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, देशाचा आकडा 10,786 होता आणि त्यातला 38.5 टक्के वाटा पुन्हा महाराष्ट्राचा. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदी घेतल्या तर मराठवाड्यात 2021 मध्ये 887, 2022 मध्ये 1,023 आणि 2023 मध्ये 1,088. तीन वर्षांत 2,998 शेतकरी. 2023 चा हिशेब जिल्ह्यांनी मांडला तर बीड 269, छत्रपती संभाजीनगर 182, नांदेड 175, धाराशिव 171, परभणी 103, जालना 74, लातूर 72, हिंगोली 42. आमच्या एका नांदेडमध्ये जवळजवळ दर दोन दिवसांनी एक.

तेलंगणाच्या आकड्यावर तिथलेच कार्यकर्ते शंका घेतात, हे मला माहीत आहे. त्यांचे म्हणणे असे की कौलाने जमीन करणारा शेतकरी मेला तर त्याची नोंद शेतकरी म्हणून होतच नाही. ते खरे आहे आणि रयतू बीमाचा सगळ्यात मोठा दोषही तोच आहे, ज्याच्या नावावर जमीन नाही तो त्यात नाही. पण ही शंका पूर्ण मान्य केली तरी 178 आणि 4,248 यांच्यातले अंतर भरून निघत नाही. 2014 मध्ये ते राज्य जन्माला आले तेव्हा त्याची गणना देशातल्या सगळ्यात वाईट राज्यांत होत होती. तिथेही चौकशा होत, तिथेही विधवा कागद घेऊन फिरत. 2015 मध्ये त्यांनी आत्महत्येची मदत सहा लाखांवर नेली, आणि तीन वर्षांनी विमा आणून चौकशीच बंद केली. एका विम्याने आत्महत्या थांबल्या असे मी म्हणणार नाही. एकरी पेरणीची मदत, पूर्ण वेळ वीज, गावातच धानाची सरकारी खरेदी, हे सगळे मिळून काही तरी झाले असेल. पण मेलेल्याच्या दारात जाऊन त्याच्या बायकोची उलटतपासणी करणे त्यांनी थांबवले, आणि ते थांबवायला त्यांना कोणत्याही नदीवर धरण बांधावे लागले नाही.

आता पैशाचे. ‘एवढा बोजा राज्याला झेपणार नाही’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून तोही हिशेब मांडतो. राज्यात एक कोटी शेतकरी धरले आणि तेलंगणाचा पहिल्या वर्षीचा हप्ता लावला तर वर्षाला 2,271 कोटी 50 लाख रुपये होतात. हप्ता पुढे वाढत गेला, म्हणून दीडपट धरा, सुमारे 3,400 कोटी. नमो शेतकरी महासन्मान योजनेसाठी 2023-24 च्या अर्थसंकल्पात 6,900 कोटी ठेवले होते. लाडकी बहीण योजनेचा वर्षाचा खर्च 46,000 कोटी सांगितला गेला. त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या घरातल्या बायांना तो पैसा उपयोगी पडला आहे. पण संजय गांधी योजनेचे दीड हजार घेणाऱ्या विधवेला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळत नाहीत, दोन्हींतले एकच. म्हणजे शेतकऱ्याच्या विधवेच्या वाट्याला त्या 46,000 कोटींतून नवे काही आलेले नाही. विमा नको असेल तर सोडा. 2023 मध्ये मराठवाड्यात गेलेल्या 1,088 जणांच्या घरी, एकालाही अपात्र न ठरवता, आजच्या दराने लाख-लाख दिले असते तरी एकूण रक्कम 10 कोटी 88 लाख झाली असती. राज्यातल्या 2022 च्या सर्व 4,248 कुटुंबांना तेलंगणाइतके पाच-पाच लाख दिले असते तरी 212 कोटी 40 लाख. तुमच्या राज्याचा अर्थसंकल्प लाखो कोटींचा आहे. ही रक्कम झेपत नाही असे म्हणणे खरे नाही, आणि ते खरे नाही हे वित्त विभागालाही ठाऊक आहे.

दुसरे उत्तर असे मिळते की चौकशी काढून टाकली तर गैरफायदा घेतला जाईल. पाच लाखांसाठी माणसे जीव देतील, असेही एका बैठकीत बोलले गेलेले मी माझ्या कानांनी ऐकले. बोलणारा शिकलेला होता. तेलंगणात 2018 पासून कारण न विचारता पाच लाख दिले जातात. तिथे आत्महत्या वाढल्या का? आकडा वर दिला आहे.

तिसरे उत्तर, महाराष्ट्र हे प्रगत राज्य आहे. आहेच. मुंबई-पुणे-ठाणे मिळून या राज्याची सरासरी काढली की आम्हीही प्रगत होतो. पण ती सरासरी घेऊनही पाहा. 2024-25 साठी महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीने दरडोई उत्पन्न 3,09,340 रुपये सांगितले. त्याच वर्षी तेलंगणाने सांगितले 3,79,751. मुंबई पोटात असूनही आपण मागे आहोत. मुंबई वगळून मराठवाड्याचे काय निघेल, ते तुमच्याच नियोजन विभागाने काढून जाहीर करावे.

सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा, की हे राज्य असे नव्हते. 1972 च्या दुष्काळात मागेल त्याला काम देण्याची कल्पना याच राज्यात राबवली गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. केंद्राने तसा कायदा करायला 2005 उजाडले. गावात कामाला येणाऱ्या माणसाला तेव्हा कोणी विचारले नाही की तू गरीब आहेस हे सिद्ध कर. जो खडी फोडायला उन्हात येतो तो गरजू आहे, एवढे सरकारला पुरेसे होते. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्या पक्षाचे वारसही आज सभागृहात बसतात आणि त्यांच्या विरोधकांचेही. त्याच सभागृहाच्या राज्यात आज शेतकऱ्याच्या मरणाला पुरावा मागितला जातो.

मराठवाडा या राज्यात आला तो अट न घालता आला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या जोखडातून सुटलो, 1953 चा नागपूर करार झाला, राज्यघटनेच्या कलम 371 मध्ये आमच्यासाठी तरतूद झाली. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आले आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. आमच्या अनुशेषावर दांडेकर समिती झाली, केळकर समिती झाली, अहवाल ग्रंथालयात आहेत. आम्ही अट घातली नाही, याची किंमत आम्ही सत्तर वर्षे मोजतो आहोत. निदान मेल्यावर तरी मोजायला लावू नका.

माझी मागणी नवी योजना जाहीर करून तिला मोठे नाव द्यावे अशी नाही. सातबारा असलेल्या, बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्या आणि शेतात मजुरी करणाऱ्या, सर्वांना, पुरुषांना आणि बायांना, पाच लाखांचे जीवनसंरक्षण द्या. मृत्यूचे कारण विचारू नका. तेलंगणाने कौलदारांना आणि साठीपुढच्यांना बाहेर ठेवले, ती चूक आपण करू नये. हप्ता भरायचा की रक्कम सरकारने थेट द्यायची, हे तुमच्या अधिकाऱ्यांनी ठरवावे. अपघाताच्या योजनेत तुम्ही थेट देण्याचा मार्ग घेतलाच आहे. 2006 चा शासन निर्णय रद्द करा आणि चौकशीच्या नमुन्यातले, दारू आणि घरातल्या भांडणांचे रकाने आजच काढून टाका, त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि 2006 पासून आजवर ज्या फायली अपात्र म्हणून बंद केल्या, त्या सगळ्या पुन्हा उघडा. त्या प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आहेत, नावांसकट आहेत, शोधायला जायचे काम नाही.

येत्या अधिवेशनात यावर निर्णय घ्या. घेणार नसाल तर का घेणार नाही, ते सभागृहात उभे राहून, कारणांसह सांगा. त्या अपात्र फायलींतल्या बाया आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत आणि त्यांची मुले मतदार झाली आहेत.

आपला,
नांदेड जिल्ह्यातला, मांजरेकाठचा एक शेतकरी